दोन आठवडे नाही, दोन बाजार

मेळघाटात समुपदेशक म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत एक फॉर्म होता, नैराश्य ओळखायचा, नऊ प्रश्नांचा, जगभर वापरतात तो. मराठीत केलेला होता. पहिलंच वाक्य, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला खालील त्रास किती वेळा झाला?" समोर चाळिशीची एक बाई, नवरा वारलेली, ओट्यावर बसून डाळ निवडत होती. मी प्रश्न वाचला, सोबतच्या आशाताईंनी तो कोरकूत, तिथल्या आदिवासींच्या भाषेत, सांगितला, आणि सांगायला त्यांना इतका वेळ लागला की मला कळेना नऊ शब्दांच्या वाक्याचं एवढं काय चाललंय. मग त्या माझ्याकडे वळल्या, "मॅडम, आठवडे नका विचारू. बाजार विचारा. मागचे दोन बाजार झाले तेवढ्यात."

बाजार म्हणजे आठवडी बाजार. मीठ-मिरची, तेल, भेटीगाठी, उधारी, लग्नाची बोलणी सगळं त्या एका दिवसावर. मागच्या बाजाराला तू गेली होतीस का, त्याच्या आधीच्या बाजाराला का नाही गेलीस, कुणाशी बोललीस, काय आणलंस. असं विचारल्यावर बाई बोलायला लागली. चार बाजार झाले ती गेलीच नव्हती. फॉर्ममधल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्या एका वाक्यात होती.

हे सगळं लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आदिवासी भागातल्या मानसिक आरोग्यावर बोलताना शहरात दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणजे "तिकडे सगळी अंधश्रद्धा आहे, जागृती करायला पाहिजे" आणि दुसरा "त्यांना कसलं टेन्शन, निसर्गात राहतात". दोन्ही ऐकून मला खरंच त्रास होतो. मी अमरावतीची, मेळघाट आमच्याच जिल्ह्यात, धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाता येतं, आणि तरी मला तीस वर्षं होईपर्यंत कोरकू भाषेतला एकही शब्द माहीत नव्हता. सिपना नदीचं नाव लहानपणापासून ऐकलेलं, सिपना म्हणजे सागवान हे तिथे गेल्यावर कळलं. कोरकू मराठी-हिंदीची बहीण नाही आणि गोंडीचीही नाही, ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या घरातली. संथाली २००३ साली आठव्या अनुसूचीत आली, कोरकू अजून नाही. भाषेचा मुद्दा पुढे परत येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर ती बाई. भूक नाही, झोप नाही, कामात लक्ष नाही, आणि मग आशाताईंनी हळू आवाजात सांगितलं की रात्री नवरा येतो. ओट्यावर बसतो, बोलत काही नाही, बिडीचा वास येतो. मी केस पेपरवर लिहिलं, "भास?" असं, प्रश्नचिन्ह टाकून. आणि आशाताई माझ्या खांद्यावरून ते वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तो अजून गेला नाही ना. त्याची सिडोली कुठे झाली."

सिडोली हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कोरकू माणूस मेला की मूठमाती देऊन गोष्ट संपत नाही. त्याच्या नावाने सागाचा खांब नाहीतर फळी कोरतात, तिला मुंडा म्हणतात, वर चंद्र-सूर्य, खाली घोडा आणि घोड्यावर बसलेला माणूस. मग नातेवाईक जमवून, बकरं कापून, रात्रभर गाणी-नाच करून तो मुंडा आधीच्या पिढ्यांच्या मुंड्यांजवळ झाडाखाली उभा करतात. तेव्हा कुठे गेलेला माणूस आपल्या पूर्वजांत जाऊन बसतो, तोवर तो घराच्या आसपासच असतो, आणि आसपास असलेला माणूस घरच्यांना त्रास देणारच, त्याची तरी काय चूक. या सगळ्याला खर्च येतो. जेवण घालायचं, पाहुणे सांभाळायचे. त्यामुळे सिडोली लगेच होत नाही, दोन वर्षं, चार वर्षं, कधी त्याहून जास्त लांबते, आणि बरेचदा एकाच गोताची चार घरं मिळून आपापल्या माणसांची एकदम करतात. या बाईच्या घरी चार वर्षं झाली होती. दिवाळीनंतर पोरं कामाला बाहेर जायची, होळीला परत यायची, आणलेला पैसा उधारीत संपायचा.

मी जे "भास" लिहिलं होतं ते त्या गावात कुणालाच भास वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वैद्यकशास्त्रालाही तसं वाटायचं कारण नाही. वेल्समधल्या एका डॉक्टरने, ड्युई रीस त्यांचं नाव, १९७१ साली २९३ विधवा-विधुरांना विचारून लिहिलं होतं की त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळपास जाणवतो, कुणाला दिसतो, कुणाला आवाज येतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी हे कुणाला सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे वेल्समधली बाई आणि मेळघाटातली बाई सारख्याच. फरक एवढाच की वेल्समधली गप्प बसली आणि मेळघाटातलीच्या मागे अख्खं गाव होतं ज्याला माहीत होतं की यावर काय करायचं असतं, फक्त पैसा नव्हता.

औषध सुरू केलं आपण, झोपेचं आणि नैराश्याचं, जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावून. ते लागत होतंच, वजन फार उतरलं होतं तिचं. पण त्या घरात बसून मी तिच्या दिरांशी, मोठ्या पोराशी जे बोलले ते गोळ्यांबद्दल कमी आणि सिडोलीबद्दल जास्त. कधी करता येईल, आणखी कुणाची बाकी आहे, कुणाकडे सागाचं लाकूड आहे. हे समुपदेशनाच्या कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये याला रकानाही नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात तीन घरांनी मिळून केली. मला बोलावलं होतं. मुंडा कोरणारा म्हातारा सावलीत बसून पटाशीने घोड्याचे पाय काढत होता, आणि ही बाई त्याच्या शेजारी बसून त्याला सांगत होती की घोडा जरा बारीक काढ, हे बारीक होते. चार वर्षांत कुणाकडे नवऱ्याबद्दल एवढं बोलली नव्हती ती. तो म्हातारा काही न बोलता लाकूड पुसायचा, तिच्यापुढे धरायचा, ती हाताने चाचपून बघायची, मग पुढे कोरायचा. मी तिथे तासभर बसले असेन. दुःखाशी काय करायचं हे मी पुस्तकातून शिकले होते, टप्पे वगैरे, पण कुणीतरी मेलेल्या माणसाची आकृती तुमच्यासमोर घडवतोय आणि तुम्हाला विचारतोय बरोबर आहे का, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सिडोली झाली आणि दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत झाली असं काही घडलं नाही. गोळ्या पुढे सात-आठ महिने चालू होत्या. पण बाजाराला जायला लागली. आणि तो ओट्यावर यायचा बंद झाला, निदान तिने परत सांगितलं नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी खोटं बोलल्यासारखं होईल.

मेळघाटात लहान बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने नाहीतर सळीने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. मी असं बाळ पाहिलंय. ते पाहिल्यावर कुठल्याही संस्कृतीबद्दल कौतुकाने बोलायची इच्छा राहत नाही, दोन रात्री मी जेवले नाही. चटके देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, तो कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला, आणि तो हवाच. मिरगीच्या, म्हणजे फिट येणाऱ्या पोरांना वर्ष-वर्ष अंगात आलंय म्हणून ठेवलेलं मी बघितलंय, रोज एका गोळीने ज्यातली बरीच पोरं शाळेत गेली असती. इथे मी कुणाच्याही श्रद्धेपुढे मान तुकवणार नाही.

पण मग एका मुलाची गोष्ट. विशीतला, अचानक जंगलात पळायचा, कपडे काढून टाकायचा, रात्रभर ओरडायचा. घरच्यांनी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे, नेलं, सहा महिने गेले, मग एका संस्थेच्या लोकांनी त्याला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात भरती केलं. सगळं नियमाप्रमाणे. दोन महिन्यांनी मी तिथे त्याला भेटायला गेले तर केस पेपरवर लिहिलेलं, "पेशंट बोलत नाही, सहकार्य करत नाही." मी त्याच्या शेजारी बसले आणि मला तोवर येत होत्या तेवढ्या मोडक्यातोडक्या कोरकूत विचारलं, जेवलास का. तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला आणि मग जे बोलायला लागला ते थांबेना, मला त्यातलं चतुर्थांशसुद्धा कळलं नाही. तो बोलत होता. दोन महिने त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी बोललंच नव्हतं, आणि गप्प बसणं हे त्याच्या आजाराचं लक्षण म्हणून कागदावर चढलं होतं, त्याच्यावर डोस वाढवला होता. नातेवाईकांना वॉर्डात थांबू देत नव्हते. त्याची आई गेटबाहेर झाडाखाली तीन दिवस बसून परत गेली होती.

डंबा देणाऱ्यावर मला राग येतो तेवढाच राग मला या कागदावर येतो. आजही.

तो परत आला तेव्हा औषधं बंद पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. पुन्हा "भरती करू" म्हणतील म्हणून घरच्यांनी तो ठीक आहे असंच सांगितलं असतं. तेव्हा मी त्यांच्या भूमकाकडे गेले. बाहेरचे लोक सगळ्यांना भगत नाहीतर मांत्रिक म्हणून मोकळे होतात, पण भूमका हा आधी गावाचा पुजारी, गावदेव मुठवाचं बघणारा, पेरणीआधी पूजा करणारा, आणि अंगात येऊन सांगणारा पडिहार हा वेगळा, कधी एकच माणूस दोन्ही करतो. हे भूमका साठीचे, डोळ्याला मोतीबिंदू, अंगणात बांबूच्या टोपलीला काठ घालत बसलेले. मी बाबा म्हणाले त्यांना. त्यांनी पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरगा कुठे झोपतो आता? आईजवळ का बाहेर?"

हा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. दवाखान्यातल्या कुणीही विचारला नव्हता.

मग कळलं की आधीच्या सहा महिन्यांत त्यांनी काय केलं होतं. सुपात दाणे टाकून बघितलं होतं, पूजा सांगितली होती, कोंबडं झालं होतं. पण त्यासाठी त्यांनी त्या घरच्या सगळ्यांना दोन रात्री एकत्र बसवलं होतं, वेगळ्या राहणाऱ्या चुलत्यालासुद्धा, आणि एकेकाला विचारलं होतं कुणाचं कुणाशी भांडण आहे, जमिनीचं काय झालं, कुणी कुणाला शाप दिला. बोलवून घेतलं सगळं. शहरात यालाच फॅमिली थेरपी म्हणतात आणि तासाचे पैसे घेतात. त्याने पोराचा आजार गेला नाही, जाणारही नव्हता, तो स्किझोफ्रेनिया होता. पण घरातलं भांडण मिटलं होतं आणि त्या मुलाला "तुझ्यामुळे झालं" असं त्या घरात कुणी म्हणत नव्हतं. शहरात अशा किती घरांत मी आईला दोष देताना ऐकलंय, तू लाडावून ठेवलंस म्हणून.

मी त्यांना सरळ विचारलं, बाबा, गोळी बंद झाली तर पोरगा परत पळेल, मी काय करू. ते बराच वेळ टोपली विणत राहिले. मग हिंदीत म्हणाले, तिथे बाहेरच्यांशी हिंदीच चालते, "ये मेरे हाथ का नहीं है, मैंने उसकी माँ को पहले ही बोला था. लेकिन तुम लोग ले जाते हो तो पूछते नहीं." आमच्यात ठरलं ते असं. ते त्याला गंडा बांधतील आणि सांगतील की रोज रात्री गोळी घेतल्याशिवाय गंडा चालत नाही. गोळी सुटायची भीती होती म्हणून पुढे महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं, ते बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी आई तशीही तालुक्याला येते. इंजेक्शनचा बाजार चुकला की भूमका बाबा आशाताईंना निरोप पाठवायचे, पोरगं गेलं नाही आज.

हे बरोबर केलं का यावर माझ्या ओळखीच्यांत दोन तट आहेत. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले एक मित्र म्हणाले, तू गंड्याला मान्यता दिलीस. मला त्यांचं म्हणणं कळतं, त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. माझं उत्तर एवढंच की गंडा माझ्या आधीपासून होता आणि माझ्यानंतरही राहणार आहे, तो गोळीच्या विरुद्ध बाजूला बांधलेला असावा की गोळीच्या बाजूला, एवढंच माझ्या हातात होतं. असं मी एकटीच करत नाही. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात कित्येक वर्षं मुजावर आणि मानसोपचारवाले एकाच आवारात काम करतायत, दुवा पण आणि दवा पण. ते का सुरू झालं असेल हे समजायला दुसरा दर्गा आठवावा लागतो, तमिळनाडूतलं एरवाडी, ६ ऑगस्ट २००१, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत पळता न आल्यामुळे मेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात साखळीने बांधायला साफ बंदी आहे. पण घरचे बांधतात ते क्रूर म्हणून नाही, जवळचा मानसोपचारतज्ज्ञ दीडशे किलोमीटरवर असतो म्हणून.

आपल्याकडे हे विचारपूर्वक कुणी केलं असेल तर गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याची सर्च ही संस्था १९८६ पासून तिथे आहे. त्यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं आली ती अशी, तिथल्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही पांढऱ्या कपड्यात मेलेल्या माणसाला गुंडाळतो, आमच्या माणसांना जवळ राहू देत नाही, आणि तुमच्या दवाखान्यात आमचा देव नाही. म्हणून शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांसारखा, गोंड गावासारखा बांधला, नातेवाईकांना राहायला जागा ठेवली, आणि त्यांच्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छान कल्पना आहे एवढंच वाटलं होतं. गेटबाहेर तीन दिवस बसलेल्या त्या आईचं कळल्यावर त्याचा अर्थ पोटात उतरला.

दारूबद्दल थोडं. मोहाची दारू म्हणजे व्यसन असा एका ओळीचा हिशोब तिथे चालत नाही, पूजेला लागते, मेलेल्याला द्यायला लागते, सोयरीक ठरताना लागते. आमच्याकडच्या व्यसनमुक्तीत पहिला नियम, स्पर्श करायचा नाही. एक माणूस तीनदा सोडून तीनदा परत प्यायला लागला, आणि तिन्ही वेळा कुणाच्या तरी कार्यात. नाही म्हटलं की पूर्वजांचा अपमान, घेतलं की संपलं. शेवटी त्याच्या गोतातल्या म्हाताऱ्यांनीच तोडगा काढला, पानाचा दोना त्याच्या हातात द्यायचा, त्याने जमिनीवर धार सोडायची, पूर्वजांचं पूर्वजांना, आणि दोना पालथा घालून बाजूला ठेवायचा. पालथ्या दोन्यात कुणी परत ओतत नाही. मी कितीही सेशन्स घेतले असते तरी हे मला सुचलं नसतं. पुढच्या दोन होळ्या तो टिकला एवढं मला माहीत आहे.

आणि एक गोष्ट जिच्यावर कुठलाच समुपदेशक काही करू शकत नाही. व्याघ्र प्रकल्पातून उठवून खाली अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेली गावं आहेत. पैसे मिळाले, ते संपले. तिथून काही लोक परत जंगलातल्या जुन्या गावी निघून गेले होते, बातम्यांत आलं होतं, संघर्षही झाला. तिथल्या एका आजीला मी विचारलं झोप का लागत नाही, तर म्हणाली मुंडे वर राहिले ना सगळे. नवऱ्याचा, सासऱ्याचा, पोराचा. तिचा मुठवाही वरच राहिला. मी मेल्यावर मला कुठे उभं करतील, खाली तर आमचं कुणीच नाही. याला नैराश्य म्हणायचं तर म्हणा. मी त्या दिवशी फॉर्म काढलाच नाही.

मी आता तिथे नाही, घरच्या कारणाने अमरावतीला परत यावं लागलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मी सगळ्यांना लिहून देते आणि देत राहीन, चांगली सोय आहे, पण ज्या पाड्यावर टॉवर नाही आणि फोन लागलाच तर पलीकडे कोरकू समजणारं कुणी नाही तिथे आशाताईच लागणार. कोरकू बोलणारी पोरं-पोरी या कामात आल्या पाहिजेत, पगारावर, कायम, आणि दुभाषा म्हणून नाही तर समुपदेशक म्हणून. माझी जागा त्यांची होती खरं तर.

निघायच्या आधीची शेवटची होळी मी तिथेच होते. मेळघाटात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, पाच दिवस चालते, आणि बाया-पोरं रस्त्यात गाड्या अडवून फगवा मागतात. आमची जीप अशीच एका वळणावर अडवली, आठ-दहा बाया, हातात ढोलकी, गाणं चालू. त्यात ती होती. डाळ निवडणारी. मी ओळखायच्या आधी तिने मला ओळखलं, खिडकीतून हात आत घालून म्हणाली, "बाई, फगवा." मी पन्नास काढले. तिने हात मागे घेतलाच नाही, बाकीच्यांकडे बघून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसायला लागल्या. आशाताईंनी मागच्या सीटवरून सांगितलं, "म्हणते एवढ्या गोळ्या चारल्या मला, शंभर तरी दे."